पंप पाखरामागे, अळी दाण्यात

पोत्यांभोवती पाखरं दिसली की औषध फवारायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याला कुणी मत म्हणतही नाही. नाशिकच्या पंचवटी कारंज्याजवळचा भुसारवाला असो, तपोवनातल्या आश्रमाचा कोठारी असो, की वर्षाचा गहू पत्र्याच्या कोठीत भरून ठेवणारं घर असो, श्रावणाच्या तोंडावर प्रत्येकाचा हात पंपाकडे जातो. पंप मारला, दार ओढून घेतलं, सकाळी केरसुणीने सुपलीभर पाखरं गोळा केली, म्हणजे औषध लागू पडलं. माझं म्हणणं असं की भरलेल्या कोठारातली ही फवारणी धान्य वाचवत नाही. पाखरू मेल्याचं समाधान तेवढं देते. काही बाबतीत तर ती किडीच्याच पथ्यावर पडते.

समोरची बाजू दुबळी करून मांडायची आणि मग ती पाडायची, ही खंडनातली जुनी चलाखी आहे. ती टाळून आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. फवारणीवाले म्हणतात: पाखरू मेलं तर ते अंडी घालणार नाही, अंडी नसतील तर अळी होणार नाही, आणि अळी नसेल तर दाणा शाबूत राहील, यात चुकलं काय? शिवाय सरकारही हेच करतं. आपल्याच जिल्ह्यात मनमाडला भारतीय अन्न महामंडळाचं भलंमोठं आगार आहे, आणि महामंडळाच्या गोदामांत पंधरवड्याला मॅलॅथिऑन फवारायचं हे वेळापत्रकातच लिहिलेलं आहे. जे लाखो पोत्यांना चालतं ते आमच्या पन्नास पोत्यांना का चालू नये? विषारी धुरी देणं हे परवान्याचं आणि जिवाशी खेळणारं काम, ते छोट्या दुकानदाराला कुठे परवडणार? आणि आम्ही कितीही झाडलोट केली तरी शेजारच्या गाळ्यातून पाखरू उडत येणारच. त्याला अडवायला दुसरं आहे काय?

हे सगळं ऐकायला बिनतोड वाटतं. वाटतं याचं कारण असं की यातला प्रत्येक मुद्दा उडणाऱ्या पाखराबद्दल आहे. धान्य मात्र पाखरू खात नाही.

आपल्याकडच्या साठवणीत पाखरं म्हणून जी दिसतात ती मुख्यतः दोन जातींची. पहिला दाण्यातला पतंग, शास्त्रात सिटोट्रोगा. वाळल्या गवताच्या रंगाचा, पंख मिटले की तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठा. मागचे पंख टोकाला बोटासारखे निमुळते आणि कडेला झालर. ज्वारी, गहू, मका, भात ही याची घरं. दुसरा तांदळावरचा पतंग, कॉर्सायरा. हा राखाडी-तपकिरी, थोडा थोराड. तांदूळ, रवा, भरड, शेंगदाणे, कण्या असं फुटलेलं-दळलेलं याला जास्त आवडतं. डब्याचं झाकण उघडल्यावर रव्याचे गोळे जाळ्यात लटकलेले दिसतात ते याच्या अळीचं काम. या दोन्ही जातींचं पाखरू काही खात नाही. आठवडाभर, फार तर दहा दिवस जगतं, जोडी जमवतं, अंडी घालतं आणि मरतं. जे खायचं ते अळीपणी खाऊन झालेलं असतं.

सिटोट्रोगाची अळी कुठे असते हे पाहायचं असेल तर किडकी ज्वारी मूठभर घ्या आणि पाण्यात टाका. जे दाणे तरंगतील त्यांतले काही बाहेरून अगदी धड दिसतात. एक दाणा तळहातावर घेऊन उजेडाकडे धरा. त्याच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा फिकट, गोल डाग दिसेल, कंपासने आखल्यासारखा. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढ्या छिद्रातून आत शिरलेली असते. ती आतलं पीठ खात जाते, आणि कोषात जाण्याआधी वरच्या सालीपर्यंत पोखरून तेवढीच पातळ चकती शिल्लक ठेवते. पाखरू तयार झालं की ते डोक्याने ती चकती ढकलून बाहेर येतं. म्हणजे भोक पडलेला दाणा हा किडलेला दाणा नव्हे. तो कीड निघून गेलेला दाणा. कीड आहे ती अजून न फुटलेल्या दाण्यांत. बाहेरच्या पोत्यावर, भिंतीवर, हवेत मारलेलं स्पर्शजन्य औषध त्या सालीच्या आत कोणत्या वाटेने जाणार?

आता त्या सुपलीभर मेलेल्या पाखरांकडे पुन्हा बघा. प्रत्येक पाखरू हा एका संपलेल्या दाण्याचा दाखला आहे. महिना-सव्वा महिन्यापूर्वी अंडं घातलं गेलं, त्यानंतर दाणा पोखरला गेला, आणि आज फवाऱ्याखाली जे पडलं ते त्या सगळ्या प्रकाराचं शेवटचं टोक. पूर्वपक्ष म्हणेल, झालं ते झालं, पुढची अंडी तर वाचली! इथेच हिशेब करायला हवा. मादी बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते आणि बहुतेक अंडी पहिल्या काही दिवसांतच घालून मोकळी होते. फवारणी पंधरा दिवसांनी. दोन फवारण्यांच्या मध्ये जन्मलेली, जोडी जमवलेली, शंभरेक अंडी घातलेली आणि आपल्या मरणाने मेलेली अशी एक अख्खी फळी तुमच्या पंपाला कधी भेटतच नाही. बरं, पंप दर आठवड्याला मारला असं समजू, आणि प्रत्येक वेळी दहातल्या नऊ माद्या खरोखर मेल्या असंही समजू. उरलेल्या एकीच्या शंभर अंड्यांपैकी वीसच जगली, त्यांत निम्म्या माद्या निघाल्या, तरी पुढच्या पिढीला पुन्हा दहा. ही आकडेमोड केवळ समजुतीची आहे, कोठारातले आकडे याहून बरे असतील किंवा वाईट. पण नव्वद टक्के मारूनही जागेवरच राहता येतं, एवढं ती दाखवते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: औषधाचा अंमल राहतो ना! फवारल्यानंतर कित्येक दिवस भिंतीवर बसलेलं पाखरू मरत राहतं. तत्त्वतः खरं. पण आपली कोठारं बघा. जुन्या पंचवटीतल्या वाड्यांच्या तळघरांना आणि आश्रमांच्या कोठ्यांना वर्षा-दोन वर्षांनी चुन्याचा हात दिलेला असतो. नव्या बांधकामात नुसता सिमेंटचा गिलावा. चुना आणि सिमेंट दोन्ही अल्कधर्मी, आणि मॅलॅथिऑन अल्काच्या संगतीत लवकर फुटतं. काचेवर किंवा पत्र्यावर ते जितके दिवस टिकेल, त्याच्या मानाने चुन्याच्या भिंतीवर फारच कमी. तागाच्या पोत्याची गत वेगळी: तिथे पाण्यात मिसळणारं तेलकट औषध धाग्यांत मुरून जातं आणि वर पाखराच्या पायाला लागेल असं थोडंच उरतं. म्हणूनच सच्छिद्र पृष्ठभागावर पाण्यात मिसळणारी भुकटी जास्त दिवस काम देते, हे या विषयातलं जुनं ज्ञान आहे. पण दुकानात मागितली जाते ती बाटलीच. पावसाळ्यात रामकुंडाच्या बाजूला, दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी खेळू लागलं की खालच्या आळीतल्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओलावतात. तिथे अंमलाची गोष्टच नको.

एक गोष्ट पूर्वपक्षाला द्यायला हवी. कॉर्सायराची अळी कोषात जाण्याआधी पोत्याबाहेर येते, शिवणीत, कानाकोपऱ्यांत, तुळईवर चढून बसते. अशा भटक्या अळ्या फवाऱ्यात सापडतात आणि मरतात. पण त्याच वेळी तिच्या बहुसंख्य भावंडांनी आत, दाण्यांना दाणे गुंफून, रेशमाचं चिवट जाळं विणलेलं असतं. पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो. औषधाचा वेगळा काय वागणार?

महामंडळाचा दाखला हा पूर्वपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा. त्यामुळे त्याच्यापाशी थोडं थांबू. महामंडळाच्या पद्धतीत मॅलॅथिऑन ५० टक्के द्रावण शंभर भाग पाण्यात एक भाग मिसळून, १०० चौरस मीटरला ३ लिटर, दर १५ दिवसांनी. आणि डेल्टामेथ्रिन २.५ टक्के भुकटी लिटरला ४० ग्रॅम, दर ९० दिवसांनी, असं सांगितलेलं आहे. हे बरोबर. पण ही नोंद कोणत्या रकान्यात आहे? प्रतिबंधक उपायांच्या. म्हणजे निरोगी थप्पीवर बाहेरून येणारी कीड बसू नये म्हणून. थप्पीत कीड सापडली की त्याच पद्धतीत दुसरा रकाना सुरू होतो: थप्पीवर वायुरोधक आच्छादन घालायचं, कडांना वाळूच्या लांब पिशव्या दाबून फट बुजवायची आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून आठवडाभर झाकून ठेवायचं. किडलेल्या थप्पीवर फवारणी हा उपचार म्हणून तिथे लिहिलेलाच नाही. शिवाय तिथे थप्पी लाकडी फळ्यांच्या चौकटीवर असते, भिंतीपासून माणूस फिरेल इतकी सुटी असते, आणि ठरल्या दिवशी कुणीतरी नमुना काढून चाळणीत पाहतं. आमच्या दुकानदाराने त्या सगळ्यातून पंप तेवढा उचलला, तोही उलट्या वेळी: पाखरं दिसल्यानंतर.

औषधांच्या नावांचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. पाखरांसाठी लोकांना सर्वांत आवडलेलं औषध म्हणजे डायक्लोरव्हॉस, दुकानातलं नुवान. वास उग्र, वाफ होऊन पसरणारं, पाखरू पटापट पडायचं. ती वाफ खोलीतल्या हवेत मारक असली तरी धान्याच्या राशीत खोलवर शिरत नाही. तरीही पडलेल्या पाखरांच्या जोरावर ते कित्येक वर्षं खपलं. केंद्र सरकारने २०१८ साली आदेश काढून ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद केलं. त्याआधी बीएचसीची पांढरी भुकटी होती, ती १९९७ मध्ये गेली. घराघरांत कोठीत ठेवायला इथिलिन डायब्रोमाइडच्या काचेच्या कुप्या वाटल्या जात, त्यावर २००१ मध्ये बंदी आली. प्रत्येक औषध आपापल्या काळात 'एकदम सुरक्षित' होतं. नुवान मागणारी गिऱ्हाइकं अजून आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आणि किडीही काही बसून राहिलेल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभरच्या साठवणीतल्या किडी गोळा करून तपासल्या. मॅलॅथिऑनला न जुमानणाऱ्या किडी देशोदेशी निघाल्या. पिठातल्या पतंगाची जी जात अमेरिकेत भांडारांना सतावते, तिच्यात त्याच दशकात मॅलॅथिऑनविरुद्ध मोठी प्रतिकारशक्ती नोंदली गेली. पुढे १९८५ मध्ये विल्यम मॅकगॉई यांनी कॅन्सासच्या धान्यकोठ्यांतल्या याच पतंगाबद्दल दाखवलं की बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूलासुद्धा तो थोड्याच पिढ्यांत सरावतो. हा तोच जिवाणू, जो बर्लिनर यांना १९११ च्या सुमारास थुरिंजियातल्या एका गिरणीतल्या आजारी पिठपतंगांच्या अळ्यांत सापडला होता. कमी मात्रेत, वारंवार, आणि अर्धवट पोचेल असं औषध मारत राहणं ही प्रतिकार वाढवण्याची हुकमी रीत आहे. पंधरवड्याचा पंप नेमका हेच करतो. धुरीचा वायूही यातून सुटलेला नाही; त्याच १९७२-७३ च्या पाहणीत सुमारे दहा टक्के नमुन्यांत फॉस्फिनला प्रतिकार दिसला होता, आणि त्याचं मोठं कारण गळकी आच्छादनं. वायू निसटतो, अर्धी कीड जगते, आणि जगलेलीच पुढची पिढी वाढवते.

फवारणी उलटी कशी पडते याचा पुरावा मला गोदामापेक्षा प्रयोगशाळेत जास्त स्वच्छ दिसतो. नाशिककडचा टोमॅटो आणि मक्याचा शेतकरी ट्रायकोकार्ड ओळखतो. त्या कार्डावर चिकटवलेली वीसेक हजार अंडी कुणाची असतात? कॉर्सायराची. जैविक कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळांत ज्वारी, बाजरी किंवा मका भरडून, उष्णता देऊन निर्जंतुक करून, टबांत भरून हा पतंग मुद्दाम वाढवतात. मग त्याच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म माशी आपली अंडी घालते. म्हणजे आपण ज्याला मारायला पंप घेतो त्याला खाऊपिऊ घालणारी माणसं याच राज्यात पगारावर आहेत. त्यांना विचारा, टबांना सर्वांत मोठी भीती कुणाची? ब्रॅकॉनची. ही चिलटाएवढी गांधीलमाशी कॉर्सायराच्या अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. ती एकदा खोलीत शिरली की टबामागून टब बसतात, आणि सगळं धुऊन-पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ही ब्रॅकॉन आपल्या कोठारांत आपसूक येते. किडक्या तांदळाच्या पोत्याभोवती काळ्या-पिवळट बारीक माश्या घुटमळताना दिसतात त्यांत ती असते. फवाऱ्यात पहिला बळी तिचा. अळी जाळ्यात सुरक्षित, तिचा काळ मात्र भिंतीवर मेलेला. अमेरिकेत १९९२ मध्ये साठवलेल्या धान्यात अशा उपयोगी कीटकांना सोडायला रीतसर मुभा मिळाली. आपण त्यांना फुकट मिळूनही मारतो.

म्हणजे दाण्यातल्या शत्रूला दाण्यातच गाठायला हवं. हे काही नवं शहाणपण नाही. फ्रान्सच्या अंगुमुआ प्रांतात १७६० च्या सुमारास याच सिटोट्रोगाने गव्हाचा फडशा पाडला, तेव्हा तिथल्या विज्ञान अकादमीने द्युआमेल द्यु मोन्सो आणि तिये या दोघांना पाहणीला पाठवलं. १७६२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यांनी पाखराच्या मागे न लागता दाणा फोडून पाहिला, कीड शेतात कणसावरच बसते हे ओळखलं, आणि उपाय सुचवला तो धान्य भट्टीत ठरावीक उष्णतेला तापवण्याचा. पंपही नव्हता आणि औषधही नव्हतं. निदान मात्र अचूक होतं. शेजारच्या गाळ्यातून पाखरू येतं म्हणणाऱ्यांनी यातला शेताचा भाग नीट वाचावा. नवी ज्वारी खळ्यावरून येतानाच सालीखाली अळ्या घेऊन येते. शेजाऱ्याशी भांडून त्या कमी होत नाहीत. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने आपल्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी अशी आपल्याच परिसराची नावं दिली आहेत. यातला कोणताही गहू घ्या. तांबेऱ्याला तो कसा तोंड देतो हे पैदासकार सांगतील, पण कोठीत पाखरू लागणार नाही अशी हमी कुठलाच वाण देत नाही.

मग व्यापाऱ्याने धुरी द्यावी का? किडलेल्या मोठ्या थप्पीला दुसरा खरा इलाज नाही. पण ती परवानाधारक माणसाकडूनच, वस्तीपासून अलग जागी, झाकण घट्ट लावून आणि पुरे दिवस. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फिन सुटतो. टनाला तीनेक गोळ्या पुरतात. अंडी आणि कोष या वायूला सर्वांत चिवट, म्हणून मुदत पाच ते सात दिवसांची. तिसऱ्या दिवशी घाईने झाकण काढणारा नेमक्या त्याच दोन अवस्था जिवंत सोडतो. घरात मात्र ही गोळी येता कामा नये. वाड्यातल्या माळ्यावर कोठीत गोळी ठेवून खालच्या खोलीत झोपणं म्हणजे मरणाला बोलावणं. या विषावर उतारा नाही. तिची विक्री कायद्याने सरकारी यंत्रणा आणि कीडनियंत्रण परवानाधारकांपुरती ठेवलेली आहे. दहा-वीस गोळ्यांच्या नळ्या २००१ पासून बंदच आहेत. तरीही 'गव्हात टाकायची गोळी' मागणारा आणि ती देणारा यांची गाठ पडते.

फवारणी सोडा म्हटल्यावर टाळ्या वाजवणारा एक दुसरा पक्ष असतो, त्याचंही थोडं घेतो. कडुनिंबाचा पाला, वेखंड, बिब्बे, पारद टिकडी. पाल्याच्या वासाने वरचं पाखरू क्षणभर दूर होत असेल, पण वाळलेला पाला पोत्यात घातल्याने दाण्यातली अळी मरत नाही, आणि ओलसर पाला घातला तर उलट बुरशीला आमंत्रण. पाऱ्याची वस्तू अन्नात ठेवणं हा तर परंपरेच्या नावाखाली चाललेला अविचार आहे. परंपरेत खरोखर काम करणाऱ्या गोष्टी होत्या त्या आपण सोडल्या. पेव ही त्यांतली पहिली. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, सोलापूरकडे ज्वारीची. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद. आतलं धान्य आणि कीड मिळून हवेतला प्राणवायू संपवतात आणि कीड गुदमरते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही हा नियम होता, कारण जी हवा अळीला मारते ती माणसालाही मारते. आज तेच तत्त्व तीन पदरी हवाबंद पिशव्यांत मिळतं, पन्नास किलोच्या मापात. पिशवीला टोचलं नाही, तोंड नीट पिळून बांधलं आणि मध्ये उघडली नाही, तर आतली अळी काही आठवड्यांत संपते. फवाऱ्याचा थेंब जिथे पोचत नाही तिथे प्राणवायूचा अभाव पोचतो.

दुसरी गोष्ट ऊन. नाशिकला वैशाखात गच्चीवरची फरशी पन्नास अंशांपलीकडे सहज तापते. गहू बोटभर जाडीच्या थरात, काळ्या प्लास्टिकवर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक घातलं तर दुपारच्या चार-पाच तासांत दाण्यातली अळीही शिजते. मात्र तापलेला गहू तसाच कोठीत ओतायचा नाही. त्याला कोठीत घाम सुटतो आणि पहिल्या पावसातच वास येतो. कपड्याखाली झाकून रात्रभर निवू द्यायचा आणि सकाळी भरायचा. दाणा दाताखाली कट्‌कन वाजला पाहिजे; ओलावा बारा टक्क्यांच्या आत आला याची ती घरगुती खूण. मग चाळणं. हे आजींचं काम समजून आपण सोडून दिलं, पण कॉर्सायरासाठी फुटका दाणा आणि कणी हेच पाळण्यातलं दूध. चाळून-पाखडून भरलेल्या गव्हात त्याची पिल्लं नीट वाढत नाहीत. पाकीटबंद रवा-मैदा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात काढला तर आलेली अंडीही मरतात.

१९६० च्या दशकात पानसे समितीने देशातल्या काढणीपश्चात नासाडीचा जो अंदाज काढला तो ९.३३ टक्के होता. त्यातला कीटकांचा वाटा २.५५ आणि उंदरांचा २.५०. आकडे जुने आहेत. पण पाखरांच्या मागे पंप घेऊन धावणाऱ्या किती कोठारांच्या दाराखाली उंदीर जाईल एवढी फट असते, हे तपोवनात एक फेरी मारून कुणालाही पाहता येईल.

तपोवन म्हटलं की सिंहस्थ आलाच. २०१५ च्या सिंहस्थात साधुग्राम तिथेच वसलं होतं, आणि पुढची पर्वणी २०२७ च्या पावसाळ्यात आहे. श्रावण-भाद्रपद, हवा दमट, अन्नछत्रं अखंड चालू. आणि दात्यांचं धान्य मात्र महिने-महिने आधीपासून येऊ लागतं. कुणाची मागच्या वर्षीची ज्वारी, कुणाचा नवा गहू, कुणाच्या रेशनच्या तांदळाच्या गोण्या, सगळं एका शेडमध्ये एकावर एक. पाखराला यापेक्षा सोयीची व्यवस्था कुणी मुद्दाम बसूनही केली नसती. मग ऐन पर्वणीत पंप निघतो, आणि ज्या तांदळाचा भात दुपारी पंगतीत वाढायचा त्याच तांदळाच्या उघड्या पोत्यांवर तुषार उडतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनी धान्यातल्या मॅलॅथिऑनच्या अवशेषाला किलोमागे ४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि दळलेल्या धान्याला १ मिलिग्रॅमची. उघड्या पोत्यावर हाताने मारलेल्या पंपाचं माप कोण घेणार?

कोठाऱ्यांना माझं सांगणं असं. फवारणी करायचीच तर ती ज्येष्ठात, कोठार पूर्ण रिकामं करून, जाळीजळमटं आणि भेगांतलं जुनं पीठ खरवडून काढून, भिंतींना आणि कोपऱ्यांना. आणि नंतर दोन-तीन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवून. फवारणीची खरी जागा ही, आणि इथे तिला माझा विरोध नाही. आलेली पोती ज्या दिवशी आली ती तारीख खडूने पोत्यावर लिहावी, आणि जुनं आधी शिजवावं. जुनं बारदान उकळून वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नये. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. दात्यांना सांगावं की धान्य आणून टाकू नका. भुसाराकडे पैसे भरा, चिठ्ठी द्या, आम्ही आठवड्याच्या बेताने उचलू. महिनाभराच्या साठ्यात पाखरू फैलावायला वेळच मिळत नाही, कारण त्याची एक पिढी पुरी व्हायलाच महिन्यावर दिवस लागतात. रवा आणि बेसन तर साठवूच नये, गिरणीतून दर दोन दिवसांनी आणावं. गिरणीवाल्यालाही आधी सांगून ठेवलं तर तो सिंहस्थात नाही म्हणत नाही.